कमी प्रतीच्या मँगनीज ढिगाची चाचणी: नमुन्यापासून ताळेबंदापर्यंत

नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या सलग पट्ट्यात मँगनीजच्या खाणी शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. इतकी वर्षे चांगला दगड हाताने निवडून गाडीत भरला गेला आणि उरलेला बाजूला टाकला गेला, त्यामुळे टाकलेल्या दगडाचे ढीगही खाणींइतकेच जुने आहेत. त्या काळी विकला न जाणारा २५ ते ३० टक्के मँगनीजचा माल आज प्रक्रिया करून विकता येईल का, हा प्रश्न खाणमालक, प्रकल्प अभियंता आणि एम.टेक.चा विद्यार्थी हे तिघेही विचारतात. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जे काम केले जाते, त्याला आपल्याकडे सरसकट ‘बेनिफिसिएशन चाचणी’, म्हणजे कमी प्रतीचा माल सुधारण्याची चाचणी, म्हणतात. ही चाचणी कशी आखावी, कशी करावी आणि तिचे आकडे कसे वाचावेत, हे या लेखात मँगनीजचे उदाहरण धरून सांगितले आहे. लोह, क्रोमाइट किंवा अन्य धातुकांसाठी यंत्रे आणि आकडे बदलतील, कामाचा क्रम मात्र बहुतांशी हाच राहील.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक नवा माणूस आधी यंत्रांकडे धावतो, आणि माल वेगळा करणारे हलते टेबल कोणत्या कंपनीचे, मॅग्नेट किती गॉसचा, म्हणजे किती तीव्रतेचा, अशा चौकशा करतो. माझ्या अनुभवात चाचणीचे बरेवाईट यंत्र सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. ते ढिगावर नमुना कसा घेतला यावर आणि त्या दगडात मँगनीज कोणत्या खनिजाच्या रूपात आहे यावर अवलंबून असते. म्हणून या दोन बाबींना येथे सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी दगड ओळखावा

रासायनिक अहवालात ‘मँगनीज २७ टक्के’ असे लिहिलेले असले, तरी त्यावरून ते मँगनीज बाहेर काढता येईल की नाही हे कळत नाही. विदर्भाच्या या पट्ट्यातील साठे सौसर गटाच्या रूपांतरित खडकांत आहेत. त्यांत ब्रॉनाइट हे महत्त्वाचे खनिज असून हॉलंडाइट, बिक्सबाइट, पायरोलुसाइट आणि सिलोमेलेन हीही आढळतात. त्यांच्यासोबत क्वार्ट्ज, म्हणजे साधी गारगोटी, असते, आणि अनेक ठिकाणी स्पेसार्टिन हे मँगनीजयुक्त गार्नेट असते. गार्नेट आणि क्वार्ट्ज यांच्या या खडकाला भूवैज्ञानिक लुइस फर्मर यांनी गोंड समाजाच्या नावावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि ते आज जगभर वापरले जाते.

चाचणी करणाऱ्याला सर्वांत जास्त फसवते ते हेच गार्नेट. शुद्ध स्पेसार्टिनमध्ये सुमारे ३३ टक्के मँगनीज आणि सुमारे ३६ टक्के सिलिका असते. रसायनशाळा या मँगनीजची नोंद एकूण मँगनीजमध्ये करते, परंतु ते सिलिकेटमध्ये बांधलेले असते आणि आपल्याबरोबर भट्टीत भरपूर सिलिका घेऊन जाते. ब्रॉनाइटमध्ये मँगनीज सुमारे ६३.६ टक्के असते, पण त्याच्याही रचनेत सुमारे १० टक्के सिलिका असतेच. म्हणजे शुद्ध ब्रॉनाइटचा माल तयार झाला, तरी त्यातील सिलिका १० टक्क्यांखाली नेता येणार नाही. ही मर्यादा दळण कितीही बारीक केले तरी बदलत नाही.

हे गणित कागदावर एकदा करून पाहावे. समजा, दगडात ३० टक्के ब्रॉनाइट, २५ टक्के स्पेसार्टिन आणि ४५ टक्के क्वार्ट्ज आहे. त्याचे एकूण मँगनीज २७.४ टक्के येईल. यातील सर्व क्वार्ट्ज काढून टाकले, तर उरलेल्या मालात मँगनीज जवळजवळ ५० टक्के दिसेल. हा आकडा पाहून मालकाला आनंद होईल, मात्र त्याच मालात सिलिका सुमारे २२ टक्के असेल. गार्नेटही पूर्ण वेगळे करता आले, तर माल उत्तम होईल, परंतु मूळ मँगनीजपैकी ब्रॉनाइटचा वाटा सुमारे ७० टक्केच असल्यामुळे रिकव्हरी, म्हणजे मूळ मँगनीजपैकी चांगल्या मालात आलेला वाटा, त्याच्या वर जाणार नाही. उरलेले ३० टक्के प्रक्रियेने गमावलेले नसून ते निसर्गाने गार्नेटमध्ये अडकवलेले असते. ही कमाल मर्यादा चाचणीपूर्वी काढून ठेवली नाही, तर पुढे कित्येक आठवडे अशक्य गोष्टीच्या मागे जातात.

त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या दगडाचे तुकडे रेझिनमध्ये बसवून, घासून, आरशासारखे गुळगुळीत करावेत आणि परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. त्याच्या जोडीला क्ष-किरण विवर्तन, म्हणजे एक्सआरडी, करून खनिजांची यादी पक्की करावी. फॉस्फरस कोणत्या खनिजात आहे हेही याच टप्प्यावर पाहावे. फेरोमँगनीज, म्हणजे पोलादासाठी लागणारा लोह-मँगनीजचा मिश्रधातू, बनवताना मालातील बहुतेक फॉस्फरस धातूत उतरतो आणि पोलाद कारखाने तो सहन करत नाहीत. फॉस्फरस ॲपेटाइट या फॉस्फेट खनिजाच्या सुट्या कणांत असेल तर काही आशा असते. तो मँगनीजच्या खनिजातच मिसळलेला असेल तर भौतिक पद्धतींनी काढता येत नाही.

ढिगाचा नमुना

ढीग ओतताना मोठे दगड घरंगळून पायथ्याशी येतात आणि बारीक माल माथ्याजवळ राहतो. त्यावर दरवर्षीचा पाऊस बारीक कण धुऊन आत किंवा बाहेर नेतो. त्यामुळे ढिगाच्या कोणत्याही एका जागेचा माल संपूर्ण ढिगासारखा नसतो. कामाच्या पहिल्या वर्षी मी एका ढिगाचा नमुना पायथ्याला फिरून, हाताला लागतील ते दगड गोणीत भरून घेतला होता. चाचणी चांगली झाली, अहवालही देखणा झाला. पुढे ढीग प्रत्यक्ष उपसून पाहिला तेव्हा त्यात माझ्या नमुन्यात जवळजवळ नसलेला बारीक, चिकणमातीमिश्रित माल मोठ्या प्रमाणात निघाला, आणि देखणा अहवाल कपाटात गेला. दोष कुणा यंत्राचा नव्हता, माझ्या गोणीचा होता.

ढीग हलवला जाणार असेल, तर उत्तम मार्ग म्हणजे तो वाहक पट्ट्यावरून (कन्व्हेयरवरून) जात असताना ठरावीक वेळाने पट्ट्याची संपूर्ण रुंदी कापून उपनमुने घ्यावेत. ढीग जागेवरच असेल, तर त्यावर चौकोनी आखणी करावी आणि प्रत्येक चौकोनात जेसीबीने वरपासून ढिगाच्या तळापर्यंत चर किंवा खड्डा घ्यावा. निघालेला माल ताडपत्रीवर टाकावा, आणि त्यात मोठे, मध्यम व बारीक या सर्व आकारांचा वाटा प्रत्यक्षात असेल तसा राखून नमुना उचलावा. मोठे दगड उचलायला जड जातात म्हणून ते बाजूला सारण्याचा मोह मजुरांना आणि अभियंत्यांना सारखाच होतो, तो होऊ देऊ नये. प्रत्येक खड्ड्याचा नमुना वेगळ्या गोणीत ठेवावा, वेगळा तपासावा आणि मगच सर्वांचे एकत्रित मिश्रण करावे. आधीच सर्व एकत्र केले, तर ढिगाच्या पूर्व बाजूला ३४ टक्के आणि पश्चिमेला १८ टक्के मँगनीज आहे, ही सर्वांत उपयोगाची माहिती कायमची हरवते.

किती माल घ्यावा, याचा हिशेब फ्रेंच अभियंता पिएर गी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलेल्या नमुना-सिद्धांतावर आधारलेला आहे. त्याचा व्यवहारी सारांश असा की, इतर बाबी सारख्या धरल्या, तर आवश्यक वजन सर्वांत मोठ्या दगडाच्या आकाराच्या घनाप्रमाणे वाढते. ५० मिमीच्या दगडांत जेवढ्या खात्रीसाठी १,००० किलो माल लागतो, तेवढ्याच खात्रीसाठी तो २५ मिमीला फोडल्यावर १२५ किलो आणि १० मिमीला फोडल्यावर ८ किलो पुरतो. यातून एकच नियम निघतो आणि तो भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे: आधी फोडावे, मग वाटावे. न फोडलेल्या ढिगातून दोन किलोचा नमुना उचलून पाठवणे म्हणजे वजनकाट्याचे आणि रसायनशाळेचे दोघांचेही कष्ट वाया घालवणे होय.

नमुना उचलण्यापूर्वी खाणपट्टाधारकाची लेखी परवानगी आणि वाहतुकीचे कागद तयार असावेत, कारण चाचणीसाठी नेला जाणारा मालही रस्त्यावर खनिजच मानला जातो. उंच ढिगाच्या पायथ्याशी, सुट्या कड्याखाली कुणालाही उभे करू नये. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेली तर मज्जासंस्थेला अपाय होऊन हातापायांच्या हालचाली पार्किन्सनच्या आजारासारख्या बिघडतात, हे खाणवैद्यकात सुस्थापित आहे. त्यामुळे फोडणी आणि चाळणीच्या कामात मास्क आणि धूळशोषक दोन्ही हवेत. काळे झालेले हात साबणाने जातात म्हणून धूळ निरुपद्रवी आहे, असा समज अजूनही अनेकांचा दिसतो.

फोडणे, वाटणे, वाळवणे

प्रयोगशाळेत आलेल्या गोण्यांचे वजन करावे आणि ओलावा काढण्यासाठी वेगळा भाग १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. पुढचे सर्व हिशेब कोरड्या वजनावर करावेत. जॉ क्रशरने माल फोडावा, चाळणीवर राहिलेला पुन्हा क्रशरमध्ये टाकावा, आणि सर्व माल ठरलेल्या आकाराखाली आल्यावर शंकूसारखा ढीग करून त्याचे चार भाग करावेत. समोरासमोरचे दोन घ्यावेत आणि दोन राखावेत. माल १० मिमीच्या खाली आला, की रिफल, म्हणजे ओतलेला माल आलटूनपालटून दोन बाजूंना पाडून निम्मा करणारा फटींचा डबा, वापरावा. रिफलच्या फटी सर्वांत मोठ्या कणाच्या किमान तिप्पट रुंद असाव्यात, आणि माल त्यात एका कोपऱ्यातून न ओतता त्याच्या पूर्ण लांबीवर सारखा पसरून ओतावा. हे किरकोळ वाटते, परंतु दोन बाजूंना पडणाऱ्या मालाचे वजन पाच टक्क्यांनी वेगळे येऊ लागले, की बहुधा ओतणाऱ्याचा हात हेच कारण असते.

रसायनशाळेला जाणारा भाग ७५ मायक्रॉनच्या खाली दळलेला असावा. मँगनीजसाठी जस्त ऑक्साइडच्या साहाय्याने होणारे पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन, म्हणजे व्होलहार्ड पद्धत, जुनी असली तरी विश्वासार्ह आहे. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे यंत्र, वेगाने काम देते, मात्र दाबून केलेल्या वडीपेक्षा वितळवून केलेल्या काचेच्या मण्यावरचा आकडा अधिक भरवशाचा असतो, कारण वडीमध्ये खनिजाचा प्रकार आणि कणांचा आकार बदलला की वाचनही सरकते. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना वेगळा क्रमांक देऊन पुन्हा पाठवावा. रसायनशाळेला हे सांगू नये. हा अविश्वास नसून आपल्याच आकड्यांची किंमत कळण्याचा मार्ग आहे.

किती बारीक दळायचे

सूक्ष्मदर्शकाखाली मँगनीजचे कण गारगोटीपासून कोणत्या आकाराला सुटे होतात, ते पाहून दळणाचा आकार ठरवायचा असतो. माल टप्प्याटप्प्याने दळावा, म्हणजे थोडा दळून चाळावा आणि वरचाच भाग पुन्हा दळावा. एकदम दळला तर बारीक गाळ, ज्याला आपण स्लाइम म्हणतो, तो वाढतो, आणि पायरोलुसाइटसारख्या मऊ खनिजाच्या बाबतीत त्या गाळातच चांगले मँगनीज वाहून जाते. ब्रॉनाइटची कठीणता गारगोटीच्या जवळपास असल्यामुळे तेथे हा प्रश्न कमी तीव्र असतो. दोन्ही खनिजे एकत्र असतील, तर चाळणीनिहाय विश्लेषणाशिवाय पुढे जाऊ नये.

हे विश्लेषण वाचण्याची पद्धत अशी. दळलेला माल १ मिमी, ५००, २५०, १५०, ७५ आणि ४५ मायक्रॉनच्या चाळण्यांवर ओला चाळून प्रत्येक भाग वाळवून तोलावा व तपासावा. समजा, मूळ मालात मँगनीज २८ टक्के आहे. ४५ मायक्रॉनखालील भाग वजनाने १८ टक्के असून त्याची प्रत, म्हणजे मँगनीजचे प्रमाण, ३१ टक्के निघाली, तर एकूण मँगनीजपैकी सुमारे २० टक्के मँगनीज या गाळात आहे. गुरुत्वाच्या यंत्रांना हा गाळ पेलत नाही. त्यामुळे टेबलवर काम सुरू करण्याआधीच एक पंचमांश मँगनीज हातातून निसटणार, हे कळते.

बारीक दळणे महागही पडते. फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सूत्राने ते सहज पाहता येते. वर्क इंडेक्स, म्हणजे दळणाला दगड किती ऊर्जा घेतो याचे माप, प्रति टन १२ युनिट असलेला माल २,००० मायक्रॉनवरून १०० मायक्रॉनला आणायला टनामागे सुमारे ९.३ युनिट वीज लागते, आणि ५० मायक्रॉनला आणायला सुमारे १४.३ युनिट. ही केवळ गिरणीच्या आतील ऊर्जा झाली. कमी किमतीच्या मालाला असे दळण परवडत नाही, म्हणून प्रत्येक चाचणीत ‘किती जाड ठेवून चालेल’ हाच प्रश्न आधी विचारावा.

टेबल आणि चुंबक

गुरुत्वाने दोन खनिजे वेगळी होतील का, हे ठरवायला एक सोपे गुणोत्तर आहे. जड खनिजाच्या घनतेतून पाण्याची घनता वजा करावी, हलक्या खनिजाच्या घनतेतूनही तसेच करावे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. उत्तर २.५ च्या वर आले तर बारीक कणही वेगळे होतात, १.७५ च्या आसपास आले तर मध्यम आकारापर्यंत काम होते, आणि १.२५ च्या खाली आले तर व्यापारी पातळीवर गुरुत्वाचा नाद सोडावा. ब्रॉनाइटची घनता ४.७५ आणि क्वार्ट्जची २.६५ धरली, तर गुणोत्तर २.२७ येते, म्हणजे काम चांगले होते. ब्रॉनाइट आणि ४.१९ घनतेच्या स्पेसार्टिनचे गुणोत्तर मात्र १.१८ येते. गार्नेट टेबलवर ब्रॉनाइटच्या शेजारीच चालत राहते, याचे कारण या एका आकड्यात आहे.

प्रत्यक्ष टेबलवर जाण्यापूर्वी जड द्रवात बुडवून पाहण्याची चाचणी करावी. २.८९ घनतेच्या ब्रोमोफॉर्ममध्ये क्वार्ट्ज तरंगते आणि मँगनीज खाली बसते, त्यामुळे आदर्श विलगीकरणाने काय मिळेल हे तासाभरात कळते. ब्रोमोफॉर्म विषारी आहे. हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच, हातमोजे घालूनच करावे, आणि कण ॲसिटोनने धुऊन द्रव परत मिळवावा. काही ठिकाणी आता त्याऐवजी सोडियम पॉलिटंग्स्टेटचे पाण्यातील द्रावण वापरतात. ते महाग असले तरी मला त्याच्या वासाची भीती वाटत नाही.

शेकिंग टेबलवरचे काम पाहण्यासारखे असते. १ मिमीखालील माल आधी आकारानुसार दोन भागांत वाटून, वेगवेगळा सोडावा. १ मिमी ते २५० मायक्रॉनचा एक भाग आणि २५० ते ७५ मायक्रॉनचा दुसरा. टेबल झटक्याने पुढेमागे हलते, वरच्या कडेने पाणी पातळ चादरीसारखे उतरते, आणि थोड्या वेळात टेबलवर रंगांच्या रेषा उमटतात. सर्वांत वर, टोकाशी, दाट काळी पट्टी येते, तिच्याखाली करड्या-तपकिरी मिश्र कणांची, आणि सर्वांत खाली पांढरी गारगोटी. नवखा माणूस काळी पट्टी रुंद दिसावी म्हणून टेबलचा उतार कमी करतो, आणि मग त्या काळ्यात करडे मिसळते. उतार आणि पाणी स्थिर झाल्यावर निदान दहा मिनिटे टेबल चालू द्यावे, मगच भांडी ठेवून नमुने घ्यावेत. करड्या पट्टीचा माल वेगळा ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. त्यात गारगोटीला चिकटलेले मँगनीज असेल तर पुन्हा दळण्याने फायदा होतो. त्यात सुटे गार्नेट असेल तर कितीही दळले तरी काही हाती लागत नाही, आणि त्या दिवशी टेबल बंद करणे शहाणपणाचे असते.

चुंबकाच्या बाबतीतही गार्नेटच अडचण करते. ब्रॉनाइट दुर्बल चुंबकीय असल्यामुळे त्याला साधारण १०,००० गॉसपेक्षा अधिक तीव्रतेचा मॅग्नेट लागतो, आणि तेवढ्या तीव्रतेला स्पेसार्टिनही खेचले जाते. क्वार्ट्ज मात्र अजिबात खेचले जात नाही. मॅग्नेटाइट किंवा जॅकोब्साइट ही तीव्र चुंबकीय खनिजे असतील, तर ती आधी कमी तीव्रतेच्या मॅग्नेटने काढून घ्यावीत, नाहीतर ती जास्त तीव्रतेच्या यंत्राच्या फटींत अडकून बसतात. तीव्रता एकदम ठरवून न टाकता तीन-चार पायऱ्यांनी वाढवत न्यावी आणि प्रत्येक पायरीचा माल वेगळा तपासावा.

लोह जास्त असलेल्या मालाची गोष्ट निराळी आहे. तेथे कोळशासोबत भाजून हेमॅटाइटचे मॅग्नेटाइट करावे लागते आणि मग ते साध्या मॅग्नेटने वेगळे होते. मँगनीज व लोह यांचे गुणोत्तर सुधारण्याचा हा मार्ग संशोधनात वारंवार येतो, परंतु इंधनाचा खर्च पाहूनच त्याकडे वळावे.

ताळेबंद जुळला पाहिजे

प्रत्येक प्रयोगानंतर आत गेलेला आणि बाहेर आलेला माल, वजनाने आणि मँगनीजने, जुळवून पाहावा. एक उदाहरण घेऊ. १,००० ग्रॅम कोरडा माल आत गेला, त्याची तपासलेली प्रत २८.० टक्के. बाहेर आलेला चांगला माल ५२० ग्रॅम, प्रत ४०.५ टक्के. टाकाऊ माल, म्हणजे टेलिंग, ४७० ग्रॅम, प्रत १४.६ टक्के. एकूण ९९० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमची तूट, जी एक टक्का आहे. चांगल्या मालात २१०.६ ग्रॅम मँगनीज, टेलिंगमध्ये ६८.६ ग्रॅम, मिळून २७९.२ ग्रॅम. ९९० ग्रॅमवर ही प्रत २८.२ टक्के येते आणि तपासलेल्या २८.० शी जुळते. रिकव्हरी ७५.४ टक्के झाली. केवळ तीन प्रतींवरून, वजने न घेता, प्रचलित सूत्राने ती ७४.८ टक्के येते. दोन्ही आकडे इतके जवळ आले की प्रयोगावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

वजनाची तूट दोन टक्क्यांपेक्षा जास्त गेली, किंवा मोजलेली आणि हिशेबाने आलेली मूळ प्रत एका टक्क्याहून अधिक फरकाने वेगळी आली, तर मी प्रयोग पुन्हा करतो. हा माझा नियम आहे, कायदा नव्हे. तूट आली की प्रथम गाळाचे भांडे पाहावे, कारण बहुतेक वेळा हरवलेले वजन तेथेच ओतून दिलेले असते. तूट टेलिंगमध्ये ‘जुळवून’ टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. तिने ताळेबंद सुंदर होतो, पण त्या अहवालावर उभा राहिलेला कारखाना पुढे तेच वजन शोधत बसतो.

प्रत आणि रिकव्हरी यांचे आकडे एकाच आलेखावर मांडावेत, कारण प्रत वाढवली की रिकव्हरी घटते आणि एकच आकडा सांगणे म्हणजे अर्धेच सांगणे होय. कोणता बिंदू निवडायचा हे बाजार ठरवतो. भारतीय खाण ब्युरो राज्यनिहाय आणि प्रतनिहाय सरासरी विक्री किंमत प्रसिद्ध करतो. मँगनीजसाठी त्यात २५, ३५ आणि ४६ टक्के अशा सीमारेषा आहेत. त्यामुळे ३३ वरून ३६ टक्क्यांवर जाण्याने जे मिळते, ते ३६ वरून ४३ वर जाण्याने मिळेलच असे नाही, आणि शेवटचे तीन टक्के प्रत वाढवण्यासाठी दहा टक्के रिकव्हरी सोडणारा आराखडा कागदावर उठून दिसला तरी तोट्यात जाऊ शकतो. ग्राहकाला हवी असलेली सिलिका आणि फॉस्फरसची मर्यादा याच आलेखाशेजारी लिहून ठेवावी.

मोठ्या प्रमाणावर नेताना

एक-दोन किलोवर जमलेला क्रम लगेच कारखान्यावर लादू नये. आधी तो टनावारी मालावर, पायलट प्लांटमध्ये, सतत चालवून पाहावा. तेथेच परत फिरणारे पाणी गढूळ होत जाणे, करड्या मालाचे फिरून फिरून साचणे आणि पंप झिजणे हे प्रश्न उघडे पडतात, जे बादलीतल्या प्रयोगात दिसत नाहीत. ज्यांच्याकडे स्वतःची सोय नाही, त्यांना नागपुरातच आधार आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय येथे असून हिंगण्याला त्याची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आणि पायलट प्लांट आहे. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा १९५० पासून अशी कामे करते, आणि भुवनेश्वरची खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्थाही या विषयात मोठी आहे. कोणत्याही संस्थेकडे जाताना ‘या मालाचे काय करता येईल’ असे विचारू नये. ढिगाचा नकाशा, खड्डानिहाय प्रती, खनिजांची यादी आणि हव्या असलेल्या मालाची प्रत, सिलिका व फॉस्फरस हे सर्व लिहून न्यावे. एवढी तयारी असली, की काम अर्ध्या वेळात होते.

अहवालात अपयशी प्रयोगही घ्यावेत. ज्या तीव्रतेला मॅग्नेटने काही काम केले नाही, ती तीव्रता आणि तो परिणाम लिहून ठेवला, तर पुढच्या माणसाचे दोन आठवडे वाचतात.

शेवटी, मूळ नमुन्याचा राखीव अर्धा भाग फेकू नये. तो दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर गोणी शिवून, कोरड्या खोलीत फळीवर ठेवावा. ओळखचिठ्ठी आत एक आणि बाहेर एक अशी असावी. बाहेरची पेनाने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वाचता येत नाही, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेला खड्डा क्रमांक आणि तारीख तारेने बांधावी.